काजू फॅक्टरीचं लाईट बिल कमी करायचंय, सुरुवात कुठून करू?

हिशेबनीस_सत्तरी

नमस्कार मंडळी. मी गोव्यात सत्तरी तालुक्यात एका छोट्या काजू फॅक्टरीत अकाउंट्स बघते, म्हणजे कागदावर अकाउंट्स, बाकी पगार, पोत्यांचा हिशेब, जीएसटी, बाथरूमचा नळ गळला तर प्लंबरला फोन, सगळं माझ्याकडेच. गेल्या आठवड्यात पात्रांवनी (म्हणजे आमच्या मालकांनी) लाईटचं बिल माझ्या टेबलावर आपटलं आणि म्हणाले, हे कमी करून दाखव. मी बी.कॉम. झालेली बाई, मला फेज न्यूट्रल सुद्धा धड कळत नाही हो.

थोडी माहिती देते. दिवसाला साधारण १५ पोती कच्ची बी (८० किलोचं पोतं) प्रोसेस होते. बॉयलर टरफलांवर चालतो त्यामुळे बी वाफवायला वीज लागत नाही. वीज लागते कटिंग मशिनांना, बोरम्याला (आमचा ड्रायर इलेक्ट्रिक आहे, १२ किलोवॅटच्या कॉइल), १५ एचपीच्या स्क्रू कॉम्प्रेसरला (सोलणीची मशिनं आणि कलर सॉर्टर यांना त्याचीच हवा जाते), पॅकिंग रूममधल्या दोन एसींना, आणि मग २४ पंखे, जुन्या ट्यूब, बोअरचा पंप वगैरे. शिफ्ट एकच, ८ ते ५, रविवार बंद. महिन्याला साडेनऊ ते साडेअकरा हजार युनिट येतात.

आतापर्यंत काय काय झालं ते पण सांगते. एक, पात्रांवनी नोटीस लावली की जेवणाच्या सुट्टीत पंखे बंद, तर सोलणीच्या बायांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. दोन, एक जण वीज वाचवणारा डबा घेऊन आला, मेन बोर्डाजवळ प्लग करा, ३० टक्के बिल कमी, गॅरंटी. तीन, पात्रांवच्या मेव्हण्याचं म्हणणं ३० किलोवॅटचं सोलर टाका आणि विसरून जा. यातलं नक्की काय करू? की आधी ऑडिटवाल्याला बोलवू?


रिसॉर्टवाली_कांदोळी

बाई गं, ती पंख्याची नोटीस आधी काढून टाक. मे महिन्यात सत्तरीत पत्र्याखाली बसून बघायला सांग पात्रांवना!

आमची १८ खोल्यांची प्रॉपर्टी आहे, आम्ही पण असंच उलटीकडून सुरू केलं होतं. सगळीकडे एलईडी, खोल्यांना की-कार्ड, लॉबीत पाट्या, पाहुण्यांना टॉवेल परत वापरा म्हणून विनंती... आणि बिल जेमतेम हललं. मग एका रात्री आमचा इलेक्ट्रिशियन सहज म्हणाला की मॅडम स्विमिंग पूलचा पंप २४ तास का चालतो? कुणालाच माहीत नव्हतं का चालतो, पहिल्यापासून चालायचा म्हणून चालायचा. टायमर लावला. त्या एका टायमरने जे वाचलं ते सगळ्या एलईडींनी मिळून वाचलं नव्हतं.

एसीबद्दल मात्र सांगू शकते. १८ वर लावला म्हणून खोली लवकर गार होत नाही, फक्त कॉम्प्रेसर थांबत नाही. सेटिंग एक डिग्री वर नेलं की साधारण ६ टक्के वीज वाचते असं बीईईचं (केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो) म्हणणं आहे, आणि २०२० पासून स्टार लेबलवाले एसी चालू केल्यावर आपोआप २४ वरच सुरू व्हायला हवेत असा नियम आहे. आपल्याकडे खरा त्रास उष्म्यापेक्षा दमट हवेचा. पावसात दार उघडं राहिलं की एसीचा अर्धा जीव हवेतलं पाणी काढण्यातच जातो. तुमच्या पॅकिंग रूमचं दार आपोआप बंद होतं का ते बघ आधी.


फिटरकाका_कुंडई

बाय, मी ३१ वर्षं इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मेंटेनन्स केला, आता रिटायर आहे, वेळच वेळ आहे म्हणून सविस्तर लिहितो.

डबा घेऊ नकोस. तसला एक मी फोडून बघितलाय, आत एक छोटा कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा होता. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर (पीएफ, घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामाला लागते त्याचं प्रमाण) सुधारतो हे खरं, पण त्यासाठी मोटरच्या लोडाप्रमाणे हिशेब करून एपीएफसी पॅनल (लागतील तेवढे कपॅसिटर आपोआप जोडणारं) लावतात, मोबाईलच्या चार्जरएवढ्या डब्याचं ते काम नाही. तुझ्या बिलावर पीएफ छापलेला असेल, तो ०.९५ च्या वर असेल तर त्या बाबतीत तुला करण्यासारखं फारसं काही नाही, खाली असेल तर इलेक्ट्रिशियनला सांगून पॅनलमधले कपॅसिटर तपासून घे, ते फुगून मरतात आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही.

ऑडिटवाला जरूर बोलव, बीईईची परीक्षा पास झालेले सर्टिफाइड लोक असतात, पण त्याआधी एक फुकटचं काम कर. शनिवारी सगळे घरी गेले की मीटरचा फोटो काढ. सोमवारी कुणी काही चालू करायच्या आत परत फोटो काढ. मधल्या वेळात फॅक्टरीत कुणी नाही, एक बी फुटत नाही, तर जे काय मीटर फिरलं ते कशासाठी फिरलं हे शोधायचं. कॉम्प्रेसरवर माझा संशय आहे पण आत्ताच बोलत नाही.


वेर्णा_शिफ्ट_बी

काकांशी सहमत. मी वेर्ण्याला एका औषध कंपनीत युटिलिटीला आहे, आमच्याकडे आयएसओ ५०००१ (ऊर्जा व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र) आहे त्यामुळे फायली भरपूर, पण त्यातली एक गोष्ट तुला एका वहीच्या पानावर करता येईल. गेल्या काही महिन्यांचे दोनच आकडे दे, महिन्याला किती पोती झाली आणि किती युनिट लागले. पैसे नकोत, युनिट. दर बदलतात आणि रुपयांत बघितलं की काही कळत नाही.


सोलरप्रेमी_म्हापसा

मला नाही कळत एवढा काथ्याकूट कशाला. छप्पर आहे, ऊन आहे, नेट मीटरिंग (जादा वीज ग्रिडला देऊन बिलातून वळती करणं) आहे. सोलर टाका, विषय संपला.


हिशेबनीस_सत्तरी

आकडे काढले. जानेवारी ४०० पोती, ११,४०० युनिट. ऑगस्ट (चवथीमुळे, म्हणजे गणेशचतुर्थीमुळे सुट्ट्या जास्त) ३०० पोती, ९,६०० युनिट. नोव्हेंबर ३५० पोती, १०,४५० युनिट.

आणि काका, मीटरचे फोटो पण काढले, शनिवारी संध्याकाळी ६ आणि सोमवारी सकाळी ८. फरक आला फक्त १५.६. म्हणजे काही विशेष नाही ना? पात्रांव एकदम खूश, म्हणाले बघ, माझ्या फॅक्टरीत वाया काही जात नाही.


वेर्णा_शिफ्ट_बी

थांब थांब. तुझ्या लोडाला सीटी मीटर असणार, तो करंटचा ठरावीक हिस्साच मोजतो. बिलावर एमएफ (मल्टिप्लाइंग फॅक्टर) लिहिलंय का बघ. मीटरवरचा आकडा एमएफने गुणायचा असतो.


हिशेबनीस_सत्तरी

एमएफ २० 🙈


फिटरकाका_कुंडई

म्हणजे १५.६ गुणिले २०, ३१२ युनिट. शनिवारी ६ ते सोमवारी ८ हे ३८ तास होतात. म्हणजे रिकाम्या फॅक्टरीत सव्वाआठ किलोवॅट सतत चालू आहे. पात्रांवना सांग, अकरा इस्त्र्या लावून ठेवल्या आणि घरी गेलो असं झालं हे.

आता पुढे मोज. महिन्यात ७२० तास, त्यात तुमचं काम २६ दिवस गुणिले ९, म्हणजे २३४. उरले ४८६ तास. त्याला ८.२ ने गुण, ४,००० युनिटच्या जवळपास येतात. बंद फॅक्टरीचं बिल!


वेर्णा_शिफ्ट_बी

आणि गंमत बघ, मी तुझ्या आकड्यांवरून वेगळ्याच वाटेने तिथेच आलो. जानेवारी आणि ऑगस्टमध्ये १०० पोत्यांचा फरक आणि १,८०० युनिटचा फरक, म्हणजे पोत्यामागे १८ युनिट. मग ३०० पोत्यांना ५,४०० लागायला हवेत, लागले ९,६००. वरचे ४,२०० पोती असोत नसोत लागतातच. दोन महिन्यांवरून कुठलीही रेघ मारता येते हे मान्य, म्हणून नोव्हेंबर ताडून बघितला, ३५० पोत्यांना ६,३०० अधिक ४,२०० म्हणजे १०,५००, तुझे आले १०,४५०. वर्षभराचे आकडे टाकलेस तर अजून पक्कं होईल पण मला आत्ताच पुरेसं वाटतंय.

सोलरप्रेमी, तुमच्यासाठी पण हिशेब. एक किलोवॅटला वर्षाची सरासरी दिवसाला ४ युनिट धरा, ३० किलोवॅटचे महिन्याला ३,६०० झाले. हिची फॅक्टरी बंद असताना त्याहून जास्त खाते. म्हणजे पात्रांव लाखो रुपयांची पॅनल लावून कशासाठी वीज बनवणार, तर रात्री कुणी नसताना चालणाऱ्या मशीनसाठी.


सोलरप्रेमी_म्हापसा

ठीक आहे, पण सोलर वाईट नाही ना.


फिटरकाका_कुंडई

वाईट कोण म्हणतो, मीच घरावर बसवलंय. पण आधी गळती, मग टाकी. आणि एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत म्हणून इथे लिहितो, साधं ग्रिडला जोडलेलं सोलर लाईट गेली की तेही बंद पडतं, लाईनवर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. सत्तरीत पावसात झाड पडून लाईट जाते तेव्हा छपरावर ३० किलोवॅट असूनही जनरेटरच लावावा लागणार. त्याला एक लिटर डिझेलमध्ये तीन-साडेतीन युनिट मिळतात, पात्रांवना तो हिशेब तोंडपाठ असेल. जूनपासून ढगात उत्पन्न किती उतरतं ते वेगळंच. ३० किलोवॅटला ३,००० चौरस फूट तरी मोकळी, सावली नसलेली जागा लागेल, आणि जुना पत्रा असेल तर आधी तो तपासून घ्या.

आता बाय, संध्याकाळी कॉम्प्रेसर बंद कोण करतं?


हिशेबनीस_सत्तरी

कुणीच नाही 😐 ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला ऑटोवर आहे, काम नसलं की आपोआप थांबतो. वॉचमनला विचारलं तर म्हणाला रात्रभर मध्येमध्ये घों घों करतो, मला वाटलं तसंच असतं.


फिटरकाका_कुंडई

ऑटोवर आहे हे बरोबर, पण त्याचा अर्थ बंद झाला असा नाही. प्रेशर भरलं की स्क्रू कॉम्प्रेसर अनलोड होतो, मोटर फिरतच राहते आणि हवा न देता सुद्धा फुल लोडच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वीज खाते. आणि लाईन गळत असली की प्रेशर उतरतं, परत लोड होतो. वॉचमन ऐकतो तो घों घों तोच. रात्री तुझी हवा कोण वापरतंय? भोकं.

गळती मोजायला मशीन नको, घड्याळ पुरे. सगळे गेल्यावर कॉम्प्रेसर चालू ठेव, लोडवर किती सेकंद आणि अनलोडवर किती सेकंद राहतो ते दहा वेळा लिही. लोडचे सेकंद भागिले दोन्हींची बेरीज, ती तुझी गळती. १० टक्क्यांच्या आत असेल तर चांगला मेंटेनन्स म्हणायचा. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन लाईनवरून फिरायचं, फेस आला की खडूने खूण. क्विक कपलिंग, पाइपाचे क्लॅम्प, फिल्टर रेग्युलेटरची वाटी, टाकीखालचा ऑटो ड्रेन, आणि काढून टाकलेल्या मशीनची तशीच सोडलेली लाईन, या पाच जागा सोडू नकोस. ३ मिलिमीटरच्या एका भोकातून ७ बारला वीसेक सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा जाते, म्हणजे ५ एचपी त्या भोकाला वाहिले समज.


रिसॉर्टवाली_कांदोळी

काका तुम्ही आमच्याकडे या हो एकदा, जेवण माझ्याकडून 😄


हिशेबनीस_सत्तरी

पंधरा दिवसांनी लिहितेय, सॉरी, मध्ये जीएसटीचं रिटर्न होतं.

घड्याळ लावून मोजलं, लोड ४० सेकंद, अनलोड ८० सेकंद. म्हणजे ३३ टक्के. ऑपरेटरचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण तो पण माझ्याबरोबर थांबला रविवारी, साबणाचं पाणी त्यानेच केलं.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. शनिवारी जाताना मी सोलणीच्या बायांना सहज सांगितलं की उद्या आम्ही हवा कुठे गळते ते शोधणार आहोत. त्यातली एक जण हसायलाच लागली, म्हणाली शोधायचं काय त्यात, तीन नंबरच्या मशीनच्या मागे वर्षभर सूं सूं आवाज येतो, मी तिथे पदराचा बोळा कोंबून ठेवते नाहीतर कान दुखतो. दुसरीने भिंतीवरचा एक पाइप दाखवला, तिथे आधी जुनं मशीन होतं ते काढलं आणि पाइपाला नुसती चिकटपट्टी गुंडाळली होती. आम्ही रविवारी एकूण ११ जागा शोधल्या त्यातल्या ६ त्यांनी शनिवारीच सांगितलेल्या होत्या. वर्षभर कुणी विचारलंच नव्हतं त्यांना, मी पण नाही. पंख्याची नोटीस मी त्याच दिवशी फाडली, पात्रांव काही बोलले नाहीत.

क्लॅम्प, कपलिंग, दोन बॉल व्हॉल्व, टेफ्लॉन टेप, सगळं वाळपईच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळालं. संध्याकाळी कॉम्प्रेसर बंद करायची जबाबदारी ऑपरेटरवर आणि वॉचमनने ६ ला बघून वहीत सही करायची असं ठरवलं. पॅकिंग रूमचे एसी पण रात्रभर चालू राहायचे (पॅकिंगवाला म्हणायचा माल सादळेल, पण माल संध्याकाळी सीलबंद टिनमध्येच असतो!), ते पण बंद. या शनिवार ते सोमवारचं रीडिंग १.४, म्हणजे गुणिले २०, २८ युनिट. आधी ३१२ होते. आता जे आहे ते कॅमेरे, वॉचमनचे दिवे आणि फ्रिज.


वेर्णा_शिफ्ट_बी

३१२ चे २८! हे रीडिंग दर सोमवारी वहीत लिहीत राहा. चार महिन्यांनी ते परत वर चढतं, हे मी आमच्याकडे तीनदा बघितलंय.


मास्तर_डिचोली

वाचत होतो नुसताच, आता राहवत नाही म्हणून लिहितो. आमच्या हायस्कूलमध्ये आम्ही पोरांना मीटर वाचायला बसवलं होतं, त्यांनी सुट्टीत चालू राहिलेला पाण्याचा कूलर पकडून दिला. त्यामुळे ६ जागा बायांनी सांगितल्या हे वाचून जराही आश्चर्य वाटलं नाही. एक विचारू का, पंख्यांचं काय करताय? बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरच्या) पंख्याला २८-३० वॅट लागतात, साध्याला ७५. २४ पंखे म्हणजे बरंच की.


फिटरकाका_कुंडई

मास्तर, हिशेब करा. पंख्यामागे ४५ वॅट, दिवसाचे ९ तास, २६ दिवस, म्हणजे साडेदहा युनिट. २४ पंख्यांचे महिन्याला अडीचशे. वाईट नाही, पण जो पंखा जळेल त्याच्या जागी बीएलडीसी लावत जा, चांगले चालणारे फेकू नका. त्यापेक्षा मोठी मासोळी बोरमा आहे. १२ किलोवॅट दिवसाला सात तास धरले तर महिन्याला २,१०० च्या वर युनिट, आणि शेजारीच टरफलांवर चालणारा बॉयलर सकाळी बी वाफवून झाली की गार होत पडलेला! वाफेच्या कॉइलवर चालणारा बोरमा मिळतो. फक्त ते करताना बॉयलर चालवणाऱ्या फायरमनचे जादा तास धरा, वाफेच्या पाइपाला लॅगिंग (उष्णता अडवणारं वेष्टण) करा, आणि टरफलं तेल काढलेली वापरत असाल तर बरं, कच्च्या टरफलातलं तेल जळताना जो धूर होतो त्याने चिमणी आणि शेजारी दोन्ही खराब होतात.

आणि प्रेशर किती ठेवलंय कॉम्प्रेसरचं?


हिशेबनीस_सत्तरी

साडेआठ बार. ऑपरेटर म्हणतो कलर सॉर्टरला कमी पडतं म्हणून वाढवलं होतं.


फिटरकाका_कुंडई

ते गळतीमुळे कमी पडत असणार. आता भोकं बुजली ना, मग दर आठवड्याला पाव बार खाली आणत जा आणि सॉर्टर तक्रार करतो का बघ. एक बार उतरला की ६-७ टक्के वीज कमी लागते कॉम्प्रेसरला.


हिशेबनीस_सत्तरी

करते. बोरम्याचं कोटेशन मागवायला पात्रांव हो म्हणालेत, आणि मेव्हण्याला सांगितलंय की सोलरचं चवथीनंतर बघू, आणि तेव्हा ३० लागेल की १५ ते नवीन बिलं बघून ठरवू. डबेवाला परत आला होता, त्याला मी पीएफ किती आहे विचारलं, तो म्हणाला मॅडम तो सरकारी फंड असतो 🤣

काका, देव बरें करूं.


फिटरकाका_कुंडई

एक राहिलंच. रात्रभर बंद राहिला की टाकीत पाणी साचतं, आपल्याकडच्या दमट हवेत जास्तच. सकाळी चालू करायच्या आधी खालचा ड्रेन उघडून पाणी काढायला सांग ऑपरेटरला, नाहीतर ते सगळं सोलणीच्या मशिनातून काजूवर जाईल आणि मग पात्रांव म्हणतील रात्री चालू होता तेच बरं होतं.